पहिल्या पर्वाचा गुडघा

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

दिवाळीतला संकल्प: ग्रुपवर वाद घालायचा नाही. वाद मेंबरांनी घालायचा, अॅडमिनने निकाल द्यायचा.

आज निकाल द्यावा लागला. लोहदल रोबोट-खेळण्यांच्या आमच्या 'लोहदल मराठी' ग्रुपवर सकाळपासून तोच विषय, कोणतं पर्व चांगलं. नवीन मेंबरांसाठी मी एक मेसेज कायमचा वर टांगून ठेवलाय, कोणी वाचत नाही. म्हणून इथेही उतरवून ठेवतो. पहिलं पर्व: आमच्या लहानपणीचं. जड रोबोट, खरे स्क्रू, घडी घातली की क्रेन नाहीतर ट्रक. दुसरं पर्व: घडी घातली की जनावर. विषय नको. तिसरं पर्व: हल्लीचं. डोळ्यांत दिवे, पोटात आवाज आणि हातात घेतलं तर पापड.

विषय नको म्हटलं की पुण्याच्या धनश्री मॅडम शेपटीवर येतात. दुसऱ्या पर्वातल्या शेपटीची कारागिरी. आजही आल्या.

पण खरा त्रास 'लोहवीर' नावाने लिहिणाऱ्याचा. तिसऱ्या पर्वाचा भक्त. आज म्हणतो, पहिल्या पर्वाचा गुडघा नुसता वाकतो, खटका वगैरे श्रीकांत सरांच्या, म्हणजे माझ्या, मनातला आहे. मी माझ्या जनरल भूकंपच्या गुडघ्याचा व्हिडिओ टाकला. सरळ पायापासून पाच खटके, पाचही जागी पाय घट्ट थांबतो. कट्, कट्, कट्. त्यावर चार जणांनी लिहिलं की त्यांच्याकडच्या पहिल्या पर्वाच्या रोबोटांना असा खटका नाही. मी नम्रपणे कळवलं की मग तुमच्याकडचे सगळे डुप्लिकेट आहेत.

हे मी उगाच बोलत नाही. गलोंडा गावातल्या प्लास्टिकच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. खुर्ची, बादली, टब, साच्यातून निघेल ते आधी माझ्या हाताखालून जातं. माल बघून मला कळतं.

लोहवीर म्हणाला, समोर दाखवा. मी लिहिलं, हिंमत असेल तर सिल्वासाला ये, सामरवरणीत कोणालाही विचार, दारात उभा राहतो. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस.

बिनधास्त लिहिलं. माणूस नागपूरचा असणार. उन्हाबद्दल फार तक्रार करतो.

३ नोव्हेंबर, सोमवार

माणूस वापीचा आहे.

सकाळी चहाबरोबर मेसेज आला. मी वापीलाच असतो, येत्या रविवारी येतो, दारात उभे राहा. बस. खाली स्मायली नाही, काही नाही. वापी इतकी जवळ की आमच्या सोसायटीतले निम्मे लोक तिकडे भाजी आणायला जातात.

त्याचा डीपी मोठा करून पाहिला. बुलेट, काळा गॉगल, हाताची घडी. चेहऱ्यावर भाव असे की याने आधीही कोणाचं तरी दार बघितलेलं आहे.

बायकोला, सरिताला, दाखवला. ती म्हणाली, गॉगलवर दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं आहे. शाळेत मराठी शिकवून तिची नजर असल्या चुकांवरच जाते. माणसातला धोका तिला दिसत नाही.

भीती वगैरे काही नाही. फक्त आज चहा गेला नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कंपनीत जाताना एक गोष्ट लक्षात आली. वापीच्या गाड्यांची पाटी जीजे-१५. सिल्वासात दर दुसरी गाडी जीजे-१५. इतकी वर्षं इथे राहतोय, कधी जाणवलं नाही की आपण असे वेढले गेलो आहोत.

आमली चौकात एक बुलेटवाला शेजारी येऊन थांबला. गॉगल. मी सिग्नल सुटायच्या आत डावीकडे वळलो. डावीकडे माझं काही काम नव्हतं. पोस्टात जाऊन तिकिटं घेतली. तिकिटं कधीतरी लागतातच.

ग्रुपवर वातावरण तापलंय. कोणीतरी आठवण काढली की श्रीकांत सर कबड्डीत राज्य पातळीपर्यंत गेले होते. मीच मागे लिहिलं होतं. खोटं नाही. गेलो होतो. गुणफलकावरचे आकडे बदलायला माणूस हवा होता.

आणखी एक अडचण. माझ्या डीपीत जनरल भूकंप ज्या दंडावर उभा आहे तो दंड नवनाथचा आहे. नवनाथ आमच्या लोडिंगला असतो, शिरपूरकडचा. रोबोटच्या आकाराची कल्पना यावी म्हणून मी तो फोटो घेतला होता. दंड कोणाचा हे कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज टबांचा अख्खा लॉट रिजेक्ट केला. कडेला केसाएवढी रेघ. सुपरवायझर म्हणाला, साहेब, कोणाला दिसणार आहे. मी म्हणालो, मला दिसली ना. रिजेक्ट म्हणजे रिजेक्ट. काही लोक रिजेक्ट माल घरी नेऊन वापरतात, मला त्यांची कीव येते. माझ्या घरात असली एक वस्तू सापडणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत नवनाथला गाठलं. रविवारी माझ्याकडे ये, नुसता सोफ्यावर बस, शर्टाच्या बाह्या वर करून. त्याने विचारलं, भानगड जमिनीची की बाईची. म्हटलं, रोबोटच्या गुडघ्याची. त्याने डब्यातली भाकरी संपवली. मग विचारलं, मटण आहे का. मी हो म्हणालो. ठरलं.

संरक्षणासाठी नाही बोलावलं. साक्षीदार असावा म्हणून बोलावलंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लोहवीरचा व्हॉइस मेसेज. आवाज घोगरा, मागे कुठेतरी लोखंड आपटल्याचा आवाज. त्याने अटी सांगितल्या, आणि नेमकं ग्रुपवर सांगितल्या.

अट अशी. तुम्ही कंपनीत बादली कमरेइतक्या उंचीवरून टाकून बघता ना, सर, तुम्हीच सांगितलंय, ड्रॉप टेस्ट म्हणजे शेवटचा शब्द. मग तुमचा जनरल आणि माझा तिसऱ्या पर्वाचा, दोघांना कमरेवरून टाकू. ज्याचा मोडेल त्याने व्हिडिओत कबूल करायचं की आपलं पर्व कच्चं. मी हरलो तर ग्रुप सोडेन. तुम्ही हरलात तर अॅडमिनपद.

सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. धनश्री मॅडमनी पॉपकॉर्नचं चित्र टाकलं. मी 'मान्य' असं लिहिलं. लिहिताना अंगठा घसरला म्हणून ते आधी 'मान' इतकंच गेलं आणि लोकांना वाटलं मी मान मोडायची धमकी देतोय. मोठ्या टाळ्या पडल्या.

नंतर कपाट उघडून जनरलला काढलं. बाबांनी सुरतेहून आणला होता, मी पहिलीत असताना. आम्ही तेव्हा आमलीत एका खोलीत राहायचो. बाबा घरात आले आणि डबा पाठीमागे लपवून उभे राहिले, हे मला अजून दिसतं. त्यांनी मला आणून दिलेली ही एकच वस्तू आज माझ्याकडे आहे. बाबा गेल्याला बरीच वर्षं झाली.

मी लहानपणी अतिशय जपून खेळायचो, म्हणूनच हा असा राहिला. ओरखडा नाही. आणि याला मी रविवारी जमिनीवर टाकणार आहे. का, तर कोणा गॉगलवाल्याला उत्तर द्यायला.

ठराव: काहीतरी करून रविवार टाळायचा. भीतीने नाही. जनरलसाठी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

योजना एक: धुळ्याला मामाकडे जायचं. सरिता म्हणाली, मामा कालच इकडे यायला निघायचं म्हणत होते, तुमची रस्त्यात भेट होईल. रद्द.

योजना दोन: ताप. दुपारी पांघरूण घेऊन पडलो. सरिताने थर्मामीटर लावला आणि सांगितलं की ताप नाही, पण नाडी मात्र भलतीच पळतेय. आईने काढा दिला. त्या काढ्याने खरोखर पोट बिघडलं, पण बिघडलेल्या पोटाला रविवार पुढे ढकलायची सोय नाही.

योजना तीन: ग्रुपवर कळवायचं की जनरल दुरुस्तीला दिलाय. लगेच लक्षात आलं, पहिलं पर्व दुरुस्तीला जात नाही असं मीच तीन वर्षं लिहितोय.

योजना चार: जमीन मऊ करायची. दिवाणखान्यात गालिच्याखाली जुनी रजई घातली. आईचा पाय रुतला. तिने विचारलं, जमिनीला थंडी वाजते का. रजई काढली.

संध्याकाळी खिडकीतून एक बुलेट दिसली. पडदा ओढून बसलो. पिझ्झावाला होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज आईला सांगावं लागलं की उद्या मित्र येणार आहे. ती खूश. मित्र असा कोणी येत नाही ना तुझ्याकडे, म्हणाली. काय खातो तो, असं विचारलं. म्हटलं, माहीत नाही, बहुतेक माणसं. तिने शेवभाजी करायचं ठरवलं. मटण नाही, कारण तिचा कार्तिक चालू आहे. नवनाथला हे अजून कळवलेलं नाही.

जनरल टेबलावर उभा होता. आईने त्याला बघितलं आणि हसली. हा अजून आहे का, म्हणाली. बोट लावून गुडघा वाकवला, कट् कट् केलं, आणि काहीतरी सांगायला लागली, की या पायाचं बघ हं. मी तिला थांबवलं. बोटांचे ठसे उमटतात. आणि आत्ता गोष्टी ऐकायच्या मनःस्थितीत मी नाही.

अंघोळीला गेल्यावर बाथरूमची कडी तपासली. सहज. चांगली घट्ट आहे.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ८

उठलो. आज निकाल.

सकाळी ९.३०

नवनाथचा फोन. मटण नाही हे त्याला कुठून तरी कळलंय. येतो म्हणाला, पण सावकाश.

सकाळी १०

सरिताने विचारलं, इतकं काय त्यात, तो माणूस खाणार आहे का तुम्हाला. मी म्हणालो, प्रश्न खाण्याचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, मग तत्त्वाला सांगा शर्टाची बटणं नीट लावायला. वरची खाली आणि खालची वर लागली होती.

सकाळी १०.२०

खाली जीजे-१५. हेल्मेट. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली लांबट वस्तू. तो मान वर करून आमच्याच मजल्याकडे बघतोय. देवा, ती वस्तू रोबोटच असू दे.

नवनाथ आलेला नाही.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ

झालं ते क्रमाने लिहितो, कारण उद्या लोक काहीही सांगतील.

बेल वाजली. दार मी स्वतः उघडलं, हे आधी नोंदवतो. जनरल माझ्या उजव्या हातात होता, समोरच्यावर वजन पडावं म्हणून. दारात तो. हेल्मेट डोक्यावर, काच खाली, चेहरा दिसत नाही. त्याने एक हात एकदम वर उचलला. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली.

मी आत गेलो. सरिता म्हणते पळालात. मी आत गेलो. आत जायचा सगळ्यात जवळचा रस्ता बाथरूमचा होता. कडी सवयीने लागली.

जनरल माझ्या हातात नाही हे मला कडी लावल्यावर कळलं.

थोड्या वेळाने बाहेर शांतता झाली. ओरडणं नाही, आपटणं नाही. आईचा आवाज आला, ती कोणाला तरी पाणी घे बाबा म्हणत होती. मी तोंड धुऊन, केस नीट करून, काही काम संपवून आल्यासारखा बाहेर आलो.

तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला होता. हेल्मेट अजून डोक्यावर, फक्त काच वर, आणि त्या फटीतून तो पाणी प्यायचा प्रयत्न करत होता. बारीक माणूस. मनगट सरिताच्या मनगटाएवढं. त्याने अगदी हळू विचारलं, ते दंडवाले सर आत आहेत का. म्हटलं, मीच श्रीकांत. त्याने माझ्या दंडाकडे बघितलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. हेल्मेट काढलं नाही.

नाव भावेश. वापीत भावाच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बसतो, हिशेबाचं बघतो. बुलेट भावाची. हात वर केला होता तो नमस्कार करायला, दुसऱ्या हातात टॉवेल होता म्हणून एकच केला.

आणि जनरल फरशीवर पडला होता. मी उचलला. पोट छातीपासून कमरेपर्यंत उभं फुटलेलं. आतला स्क्रू दिसत होता. बाबा डबा पाठीमागे धरून उभे आहेत एवढंच दिसत राहिलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं.

मग मी सावरलो. पाय तपासले. दोन्ही शाबूत. गुडघा वाकवला. कट्, कट्, कट्, कट्, कट्. पाचही. मी जनरलला उलटा धरून भावेशच्या कानाजवळ नेला, हेल्मेटला टेकवून. म्हटलं, ऐका. कमरेच्या उंचीवरून पडूनही खटका जागच्या जागी. हे पहिलं पर्व. पोट म्हणजे नुसतं आवरण, वाद गुडघ्याचा होता आणि गुडघा जिंकला.

भावेश मान्य म्हणाला. लगेच म्हणाला. हेल्मेटसकट मान हलवली. तीन वर्षांत मी इतका आनंद अनुभवला नव्हता.

तेवढ्यात आई शेवभाजीचं पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, तो गुडघा ना, तो पंख्याच्या रेग्युलेटरचा आहे.

मी म्हटलं, आई, तुला यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, मला नाही तर कोणाला कळेल, आमलीच्या कंपनीत रेग्युलेटर जोडायच्या लाइनवर मीच होते ना. त्यात खटक्याची चकती असते. रिजेक्टमधल्या दोन आणल्या आणि तुझ्या बाहुल्याच्या पायात बसवल्या. म्हणून पाच खटके. एक, दोन, तीन, चार, पाच. सरळ पाय म्हणजे बंद.

सरिताने वर पंख्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या बटणाकडे. मग भाजी वाढायला घेतली. त्या बाईचे मी आभार मानायला हवेत की ती तेव्हा हसली नाही. जेवणं झाल्यावर मोरीपाशी भरपूर हसली.

भावेशने टॉवेल उघडला. त्याचा तिसऱ्या पर्वाचा रोबोट. एक पाय दोऱ्याने बांधलेला, दिवाळीच्या आधीच मोडलेला. म्हणजे टाकायला आणलाच नव्हता. म्हणाला, तुमच्या व्हिडिओतला गुडघा बघितल्यापासून झोप नाही, असा मलाही बसवता येतो का हे बघायचं होतं, पण तुम्ही रागावाल म्हणून आव्हान दिलं. आव्हान दिलं तर निदान दार तरी उघडाल. हे सांगताना पहिल्यांदा त्याने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले होते.

आईने त्याचा रोबोट उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, ठेवून जा.

जेवताना नवनाथ आला, बाह्या वर करून. भावेशने जेवता जेवता हेल्मेट परत घातलं. नवनाथने तीन वेळा भाजी घेतली आणि मटण उधार राहिलं असं बजावून गेला.

१० नोव्हेंबर, सोमवार

कंपनीत लक्ष लागलं नाही. एक वाकडी खुर्ची पास केली असती, थोडक्यात वाचलो.

संध्याकाळी आईला नीट विचारलं. पाय रेग्युलेटरचे. हातांची मनगटं बॅटरीच्या टॉर्चच्या झाकणाची. पाठीवरची क्रेनची दोरी तिच्या परकराची नाडी, रंगवलेली. चेहऱ्यावरचा लाल रंग नेलपॉलिश. डोकं मूळचं, असं आधी म्हणाली, मग म्हणाली, नाही, तेही एकदा बाबांनी चिकटवलंय कशाचं तरी.

मग मूळचं काय. पोट, म्हणाली.

म्हणजे या जनरलमध्ये पहिल्या पर्वाचं असं एक पोट होतं आणि काल तेवढंच फुटलं. बाकी सगळा रिजेक्ट माल. मी रोज जो भंगाराच्या पेटीत टाकतो तो. त्या मालावर मी तीन वर्षं लोकांना डुप्लिकेट म्हटलं.

अर्थात तांत्रिकदृष्ट्या ड्रॉप टेस्ट झालीच नाही. जनरल टाकला नव्हता, सुटला होता. उंचीही मोजलेली नव्हती. हे मुद्दे ग्रुपवर मांडता येतील.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भावेशने ग्रुपवर काहीच सांगितलेलं नाही. फक्त लिहिलं, सरांकडे छान जेवलो. सगळे निकाल विचारतायत. त्याचं हे गप्प बसणं मला बुलेटपेक्षा जास्त घाबरवतंय. माणूस चांगला निघाला की पळायला जागाच राहत नाही.

व्हिडिओ करायला बसलो. पहिल्या व्हिडिओत पहिल्या पर्वाची बाजू मांडली गेली. दुसऱ्यात आणखी नीट मांडली गेली. तिसऱ्यात पंखा दिसत होता म्हणून तो व्हिडिओच डिलीट केला.

एक नवीन गोष्ट सुचली आहे. मूळचे पाय मोडले, बरोबर. पण मोडले कोणी. मी इतका जपून खेळणारा. शेजारच्या खोलीतला वसंत होता ना, आडदांड. तोच. त्याने मोडले असणार आणि आईने माझ्यापासून लपवलं असणार. म्हणजे पर्वाचाही दोष नाही आणि माझाही नाही. उद्या आईला विचारतो. हे सिद्ध झालं की व्हिडिओत तेच सांगायचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

विचारायला तीन दिवस लागले. आज दुपारी विचारलं. आई भावेशच्या रोबोटच्या पायात चकती बसवत होती. सुपारीच्या अडकित्त्याने कडा कापत होती, चष्मा नाकावर.

म्हटलं, वसंतने मोडले ना पाय.

वसंत तुझ्या वस्तूला हात लावायचा नाही, म्हणाली. भोंग्याने मोडले.

म्हटलं, कोणत्या भोंग्याने. मग तिने सांगितलं, हातातलं काम न थांबवता. संध्याकाळी पाळी सुटायचा कंपनीचा भोंगा व्हायचा. खोली कंपनीच्या भिंतीला लागून. भोंगा झाला की मी दचकायचो, हातातला जनरल फरशीवर टाकायचो आणि खाटेखाली शिरायचो. रोज. कधी पाय तुटायचा, कधी हात. मग खाटेखालून रडायचो, पण भोंग्यासाठी नाही. जनरल एकटा बाहेर राहिला म्हणून रडायचो. बाहेर येऊन त्याला घेऊन जायची मात्र हिंमत व्हायची नाही. बाबा कामावर, ती कामावरून यायची तेव्हा मी खाटेखाली आणि हा दाराशी, पाय एकीकडे, हा एकीकडे. मग ती रात्रीपुरता बांधायची आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत शोधायची की पडला तरी मोडणार नाही असं काय मिळेल. टॉर्चचं झाकण चाललं. साध्या प्लास्टिकचा गुडघा चालला नाही. रेग्युलेटरचा चालला.

बाबा म्हणायचे, पोराला धीट करू. ती म्हणायची, ते होईल तेव्हा होईल, आधी बाहुल्याचा पाय मजबूत करू.

त्या रविवारी कुकरची शिट्टी झाली आणि तू हातातला टाकून पळालास, तेव्हा मला आमलीची खोलीच आठवली, म्हणाली. आणि हसली. मग माझ्याकडे बघून थांबली आणि म्हणाली, अरे, सगळीच पोरं घाबरतात.

मी तिच्या शेजारी खाली बसलो. तिने अडकित्ता माझ्या हातात दिला, हे टोक धर म्हणाली. धरलं.

संध्याकाळी व्हिडिओ केला. फार बोललो नाही. पोट दाखवलं, गुडघा दाखवला, पंख्याचं बटण दाखवलं, अॅडमिनपद सोडलं. दंड नवनाथचा आहे हेही सांगितलं. कबड्डीचं राहिलं, ते नंतर सांगेन.

वाटलं होतं थट्टा होईल. पहिला मेसेज धनश्री मॅडमचा. त्यांच्याकडच्या मगरीची शेपटी तुटलेली आहे, काकू बघतील का. मग नाशिकच्या एकाचं मनगट. मग ज्यांना मी डुप्लिकेट म्हणालो होतो ते चारही जण, गुडघ्यांसकट. आता ग्रुपचा अॅडमिन भावेश आहे आणि त्याने आईलाही अॅडमिन केलंय. तिने पहिला व्हॉइस मेसेज टाकला, की पार्सलवर नाव नीट लिहा आणि कोणतं पर्व वगैरे लिहू नका, कुठे मोडलंय तेवढं लिहा. एवढ्या टाळ्या मला कधी पडल्या नव्हत्या.

जनरलच्या पोटासाठी टबाचा तुकडा मिळालाय. केसाएवढी रेघ आहे. मीच रिजेक्ट केलेल्या लॉटमधला. खिशात घालून आणला, गेटवर घाम फुटला.

उद्या रविवार. भावेश रोबोट न्यायला येतोय, हेल्मेट गाडीवरच ठेवून येईन म्हणालाय. कुकरही लागणार आहे.

ठराव: दार मीच उघडायचं. जनरलला आई धरेल.